सही तिकडे, काम इकडे

पुण्यातला फ्लॅट विकायचा आहे, गावच्या सातबाऱ्यावर आजोबांच्या जागी वारसांची नावं चढवायची आहेत, बाबांच्या ठेवी बँकेतून सोडवायच्या आहेत, आणि तुम्ही न्यू जर्सीत नाहीतर टेक्सासमध्ये. पासपोर्ट अमेरिकेचा, ओसीआय कार्ड कपाटात, रजा संपलेली. आमच्या घरातली आणि ओळखीतली कितीतरी मुलं याच अवस्थेत असतात. वकिलाच्या ऑफिसात दस्त तयार करण्यात माझी हयात गेली, म्हणून त्यांचे फोन माझ्याकडे येतात. पूर्वी विचारायचे, "मावशी, दूतावासात जावंच लागेल का?" आता विचारतात, "मावशी, इथे व्हिडिओ कॉलवर नोटरी होते, घरबसल्या. करून पाठवू का?"

माझं सांगणं एकच असतं: आधी इकडे विचारा, मग तिकडे सही करा. कागद कुठे तयार झाला यापेक्षा तो शेवटी कोणाच्या टेबलावर पडणार, हे जास्त महत्त्वाचं. दुय्यम निबंधक, बँकेची शाखा, सोसायटीची कमिटी, तलाठी, न्यायालय, प्रत्येकाची मागणी निराळी. बँकेला पासपोर्टची साक्षांकित प्रत पुरते, दुय्यम निबंधकाला शाईची सही असलेला मूळ कागद हवा असतो, कमिटीला तर काय हवं ते त्यांच्या सेक्रेटरीलाही पहिल्या दिवशी सांगता येत नाही. म्हणून मसुदा इकडच्या वकिलाकडून मागवा आणि नोटरी कसली लागेल, दूतावासाचा शिक्का लागेल का, अपोस्टिल (नोटरीची सही खरी असल्याचा सरकारी दाखला) लागेल का, हे ई-मेलवर लेखी घ्या. फोनवर "चालेल हो" म्हणणाऱ्या साहेबांची बदली होते, ई-मेल जागेवर राहतो.

आता ऑनलाइन नोटरीकडे येऊ. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्याने २०१२ साली याची सुरुवात केली, करोनाच्या काळात बाकीच्यांना जाग आली आणि आज बहुतेक राज्यांत हे कायदेशीर आहे. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये कायदा केला, पण तंत्रव्यवस्था उभी राहीपर्यंत, फार तर १ जानेवारी २०३० पर्यंत, तिथल्या नोटरींना हे काम करता येणार नाही. तोवर तिथले लोक दुसऱ्या राज्यातल्या नोटरीसमोर व्हिडिओवर बसतात. हे चालतं, मात्र त्यातून पुढे एक गुंता होतो, तो अपोस्टिलच्या वेळी सांगते.

नोटरी तुम्हाला ओळखत नसतो, म्हणून तुम्ही तुम्हीच आहात हे त्याला दोन वाटांनी पटवावं लागतं. एक, ओळखपत्राची दोन्ही बाजूंनी छाननी. दुसरी, प्रश्नोत्तरं: तुमच्या तिथल्या कर्ज आणि पत्त्यांच्या नोंदींतून पाच प्रश्न निघतात, दोन मिनिटांत त्यांतल्या चारांची बरोबर उत्तरं द्यायची. अमुक साली कुठल्या रस्त्यावर राहत होतात, गाडीचं कर्ज कोणाकडून घेतलं होतं, असले प्रश्न. वीस वर्षं तिथे राहिलेल्याला हे सोपं आहे. पण गेल्या वर्षी लंडनहून बदलीवर आलेल्या, ब्रिटिश पासपोर्टवाल्या मुलीच्या नावावर अमेरिकेत काही नोंदच नसते, मग प्रश्न निघणार कुठून? पासपोर्ट खरा, माणूस खरा, तरी यंत्र अडवतं. अशा वेळी पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसू नका, चुकलं की बराच वेळ खातं बंद राहतं. ज्या राज्यांत चालतं तिथे नोटरीला आणि तुम्हाला दोघांनाही ओळखणारा साक्षीदार उभा करता येतो, ते विचारा. नाहीतर सरळ कोपऱ्यावरच्या बँकेत किंवा कुरिअरच्या दुकानात बसणाऱ्या नोटरीसमोर जाऊन सही करा. तिथे चेहरा आणि पासपोर्ट समोरासमोर असतात, पण जायच्या आधी परदेशी पासपोर्ट घेता का, हे फोनवर विचारून ठेवा.

आणखी एक बारकावा, जो जाहिरातीत लिहिलेला नसतो. तुम्ही अमेरिकेबाहेर, समजा जर्मनीत बसला आहात आणि अमेरिकन नोटरीला व्हिडिओवर गाठलंत, तर अनेक राज्यांच्या कायद्यात अट आहे: कागदाचा संबंध अमेरिकेतल्या मालमत्तेशी, तिथल्या न्यायालयाशी किंवा तिथल्या व्यवहाराशी असला पाहिजे. कोथरूडच्या फ्लॅटचा अमेरिकेशी काय संबंध? म्हणजे कागद हातात येईल, शिक्काही असेल, पण कोणी खोलात गेलं तर पाया कच्चा निघेल. तुम्ही ज्या देशात राहता तिथलाच नोटरी, नाहीतर तिथला भारतीय दूतावास, हेच बरं.

आता मुख्य गोष्ट. ऑनलाइन नोटरी झाली की तुमच्या हातात येते ती संगणकातली फाइल. सहीचं आणि शिक्क्याचं खरेपण त्या फाइलमध्ये असतं. कोणी अक्षर बदललं तर फाइल ते दाखवते. ही फाइल छापली की ते खरेपण कागदावर उतरत नाही, उरते नुसती प्रत. इकडे दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात कारकून काय करतो, ते मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे: कागद उजेडाकडे धरतो, सहीवरून अंगठा फिरवतो, शिक्का उमटलेला आहे की छापलेला, ते मागच्या बाजूने बघतो. त्याला रंगीत प्रिंट दिला तर तो म्हणणार, "मूळ कुठे आहे?" आणि त्याच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं.

यात त्याचा अडाणीपणा नाही, कायदाही त्याच्या बाजूला आहे. आपल्या २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत काही कागद वगळलेले आहेत, म्हणजे त्यांना इलेक्ट्रॉनिक सहीचा नियम लागू होत नाही. कुलमुखत्यारपत्र त्यात आहे, मृत्युपत्रही आहे. २०२२ मध्ये ही यादी बदलली, पण मुखत्यारपत्रापुरती सूट मिळाली ती रिझर्व्ह बँक, सेबी वगैरेंच्या देखरेखीखालच्या संस्थांना दिलेल्या अधिकारांनाच. भावाला, मामेबहिणीला किंवा शेजारच्या काकांना फ्लॅट विकायचा अधिकार देणारं मुखत्यारपत्र अजूनही कागदावर आणि शाईनेच. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी बजावते: स्थावराचं मुखत्यारपत्र ऑनलाइन करू नका. प्रतिज्ञापत्र, पासपोर्टच्या प्रती, पत्त्याचा पुरावा, बँकेची केवायसी, तिकडच्या विमा कंपनीचा अर्ज, यांची ऑनलाइन नोटरी खुशाल करा, समोरच्याने लेखी हो म्हटलं असेल तर. दोन डॉलर वाचवण्यासाठी आणि एका सुट्टीच्या दिवसासाठी लाखोंच्या घराचा कागद लंगडा करू नये.

मग परदेशात मुखत्यारपत्र करायचं कसं? १९०८ च्या नोंदणी कायद्यातलं कलम ३३ वाचून घ्या, छोटं आहे. देणारा भारतात राहत नसेल तर त्याने नोटरी पब्लिक, न्यायालय, न्यायाधीश, दंडाधिकारी, भारतीय वाणिज्यदूत किंवा केंद्र सरकारचा प्रतिनिधी यांच्यासमोर सही करायची आणि त्यांनी ती प्रमाणित करायची. म्हणजे दूतावास हा एकच रस्ता नाही. तुम्ही ओसीआय असाल तर भारतीय वाणिज्य दूतावासातही मुखत्यारपत्र साक्षांकित होतं. अमेरिकेत अर्ज व्हीएफएस या कंपनीमार्फत जातो, आणि तुमच्या राज्याचा दूतावास ठरलेला असतो, मनाला येईल तिथे पाठवता येत नाही. दूतावासाचा शिक्का इकडचे कारकून लगेच ओळखतात, हा त्याचा मोठा फायदा. सुट्टी मिळत असेल आणि दूतावास गाडीने जाण्याएवढा जवळ असेल, तर मी तोच रस्ता सांगते.

दूतावास जमत नसेल तर नोटरी आणि त्यावर अपोस्टिल. १९६१ च्या हेग कराराने हे आलं: एका सदस्य देशातल्या नोटरीची सही खरी आहे, असं त्या देशाचं ठरवलेलं कार्यालय सांगतं आणि दुसरा सदस्य देश ते मानतो. भारतात हा करार १४ जुलै २००५ पासून लागू आहे. कॅनडात तो ११ जानेवारी २०२४ ला लागू झाला, म्हणून टोरंटोच्या मंडळींनी जुन्या काळच्या सूचना वाचून दूतावासाच्या रांगेत उभं राहण्याआधी नव्याने चौकशी करावी. इंग्लंडमध्ये सॉलिसिटर आणि नोटरी पब्लिक ही वेगवेगळी पदं आहेत. भारतात चालवायच्या मुखत्यारपत्रासाठी नोटरी पब्लिक गाठा आणि मग मिल्टन कीन्सच्या सरकारी कार्यालयाचं अपोस्टिल घ्या.

आता मघाशी म्हटलेला गुंता. अमेरिकेत नोटरीच्या कागदावर अपोस्टिल देतं ते राज्याचं ठरवलेलं कार्यालय, बहुतेक ठिकाणी सचिवांचं, आणि तेही ज्या राज्याने त्या नोटरीला नेमलं त्याच राज्याचं. तुम्ही न्यू जर्सीत बसून व्हिडिओवर व्हर्जिनियाच्या नोटरीकडे सही केलीत, तर अपोस्टिलसाठी कागद रिचमंडला जाणार, ट्रेंटनला नाही. मुलं ट्रेंटनला पाठवतात, तिथून परत येतो, वीस दिवस गेले. शिवाय ऑनलाइनचा कागद असेल तर नोटरीने "हा छापील कागद मूळ फाइलबरहुकूम आहे" असं प्रमाणपत्र जोडून द्यावं लागतं, ते सगळ्या राज्यांत होत नाही. समोरासमोर शाईची सही केली असती तर ही यातायात वाचली असती.

अपोस्टिल झालेला कागद हातात आला की एक काम चुकूनही करू नका. तो स्टेपल किंवा रिबिटने जोडलेला असतो. नीट स्कॅन यावा म्हणून कोणी ती पिन काढतं आणि पुन्हा लावतं. पिनेच्या दोन-दोन भोकांकडे बघून इकडचा अधिकारी कागद बाजूला ठेवतो, कारण मधलं पान बदललं नाही हे त्याला कसं कळावं? पानं दुमडून फोटो काढा, तेवढं पुरतं.

कागदात काय लिहायचं, यात खरी अक्कल लागते. सर्वांत जास्त अडतं ते नावावर. आपल्याकडे स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं आणि आडनाव अशी तीन पदरी नावं. परदेशी पासपोर्टात मधलं नाव कधी गळतं, कधी पहिल्या नावाला चिकटतं. मुलीचं लग्नाआधीचं नाव खरेदीच्या नोंदणी उताऱ्यावर (इंडेक्स टूवर), लग्नानंतरचं पासपोर्टवर. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव बाळासाहेब, शाळेच्या दाखल्यावर यशवंत. पॅन कार्डावर स्पेलिंग तिसरंच. म्हणून मुखत्यारपत्राबरोबरच एक प्रतिज्ञापत्र करून ठेवा: ही सगळी नावं एकाच व्यक्तीची आहेत, असं प्रत्येक कागदाचा नंबर देऊन लिहायचं. मुखत्यारपत्रात नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा आणि "उर्फ" किंवा "पूर्वाश्रमीच्या" म्हणून जुनी नावं घ्या. पासपोर्ट क्रमांक, देश, ओसीआय क्रमांक, पॅन, तिकडचा पत्ता आणि इकडचा कायमचा पत्ता, हे सगळं. भारतीय पासपोर्ट सोडल्याचं प्रमाणपत्र आणि रद्द झालेल्या जुन्या पासपोर्टची प्रत फाइलीत हवीच. घर घेताना तुम्ही भारतीय होतात आणि विकताना अमेरिकन आहात, तो दुवा फक्त तेच कागद जोडतात.

मालमत्तेचं वर्णन मूळ दस्तावरून अक्षरशः उतरवा. शहरात सिटी सर्व्हे नंबर, गावात गट नंबर, फ्लॅटचा नंबर, मजला, क्षेत्रफळ, सोसायटीचा नोंदणी क्रमांक, चतुःसीमा. आठवणीने लिहू नका. प्रत्येक पानावर सही करा, शेवटच्या पानावर फोटो चिकटवून सही अर्धी फोटोवर आणि अर्धी कागदावर येईल अशी करा, शेजारी अंगठ्याचा ठसा द्या. अमेरिकन नोटरीला ही आपली रीत माहीत नसते, तो फोटोकडे बघून गोंधळतो. त्याला शांतपणे सांगा की माझ्या देशात हे लागतं, तुम्ही फक्त माझी ओळख आणि सही प्रमाणित करा. दोन साक्षीदार घरचे नकोत. आणि ज्याला अधिकार देता त्याचीही सही त्याच कागदावर हवी, ती तो इकडे कागद आल्यावर करेल.

अधिकार किती द्यायचे? जेवढं काम तेवढेच. सगळं विकण्याचा, गहाण ठेवण्याचा, दान देण्याचा, दावा लढण्याचा, बँक खातं चालवण्याचा, असा भला मोठा मसुदा कोणीतरी तयार ठेवलेला असतो. तो घेऊ नका. माझी आवडती पद्धत अशी: खरेदीखतावर सही तुम्ही स्वतः करा, आणि इकडच्या माणसाला फक्त दुय्यम निबंधकासमोर तुमच्या वतीने दस्त कबूल करण्यापुरतं मुखत्यारपत्र द्या. महाराष्ट्रात हे रोज होतं. किंमत किती आणि खरेदीदार कोण, ते तुम्हीच ठरवता, फसवणुकीला जागा उरत नाही. पैसे तुमच्या एनआरओ खात्यात सरळ येतील असं खरेदीखतातच लिहा, मुखत्याराच्या खात्यात एक रुपयाही नको, तो सख्खा भाऊ असला तरी. सख्ख्या भावाला संशयापासून वाचवायचं असेल तर मुळीच नको.

मुद्रांकाचा हिशेब आधी बघा. महाराष्ट्रात आई, वडील, भाऊ, बहीण, नवरा, बायको, मुलगी, नातवंडं अशा जवळच्या नात्यात मोबदला न घेता विक्रीचा अधिकार दिला तर ५०० रुपयांचा मुद्रांक पुरतो. बाहेरच्या माणसाला तोच अधिकार दिला तर खरेदीखतासारखा बाजारभावावर लागतो. म्हणून शक्यतो जवळच्या नात्यातलाच मुखत्यार नेमा आणि नातं कागदात स्पष्ट लिहा. परदेशात सही झालेला दस्त महाराष्ट्रात पहिल्यांदा आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित व्हायला हवा. ही मुदत कुठून मोजायची? इकडे पोचल्याच्या तारखेपासून. म्हणून कुरिअरचं पाकीट फाडून केरात टाकू नका, पावतीसकट जपा. आमच्या ऑफिसात ते पाकीट दस्ताला टाचणीने लावूनच फाइलला जायचं. दोनदा अधिकाऱ्याने तारीख विचारली आणि त्या पाकिटाने काम झालं.

एक इशारा देते. इकडे असे एजंट आहेत जे म्हणतात, "सही करून व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवा, आमचे ओळखीचे नोटरी इथेच शिक्का मारतील, तारीख आजची." हे करू नका. त्या नोटरीच्या रजिस्टरात लिहिलं जातं की तुम्ही त्या दिवशी त्याच्यासमोर हजर होतात. तुमच्या पासपोर्टवर त्या तारखेला भारताचा शिक्काच नाही. उद्या खरेदीदाराचा किंवा चुलत भावाचा वकील एवढाच प्रश्न विचारेल आणि दस्तच नाही, तुम्हीही अडचणीत याल. परदेशी नागरिकाला इथल्या फौजदारी तक्रारीचा त्रास दुप्पट होतो, कारण प्रत्येक तारखेला विमानाचं तिकीट लागतं.

शेतजमीन असेल तर आणखी एक गोष्ट: ओसीआयला वारसाने शेतजमीन मिळू शकते, पण विकत घेता येत नाही. तेव्हा मुखत्याराला "जमीन खरेदी करण्याचा" अधिकार देणारं वाक्य मसुद्यात असेल तर ते काढा. आणि भावंडांच्या नावे वाटा सोडायचा असेल तर नोटरी केलेलं साधं संमतीपत्र पुरत नाही, हक्कसोडपत्र नोंदवावंच लागतं. वडिलांच्या पश्चात बहिणींनी परदेशातून "आमची हरकत नाही" असं लिहून पाठवलेले कागद मी अनेक घरांत पाहिले. वीस वर्षांनी बिल्डरचा वकील ते बाजूला सारतो आणि बहिणींना पुन्हा शोधावं लागतं.

शेवटी मुखत्यारपत्राच्या आयुष्याबद्दल. देणारा गेला की मुखत्यारपत्र संपतं, त्यामुळे नोंदणीच्या वेळी मुखत्याराकडून घोषणापत्र घेतात की देणारा हयात आहे आणि अधिकार रद्द केलेला नाही. त्या आठवड्यात तुमच्या माणसाला एक फोन करा, म्हणजे तो खात्रीने सही करेल. काम झालं की मूळ कागद परत मागवा आणि रद्दपत्र करा. मुखत्यारपत्र नोंदवलेलं असेल तर रद्दपत्रही नोंदवा. पुढच्या वेळी भारतात याल तेव्हा एक सकाळ राखून ठेवा, स्वतः दुय्यम निबंधकासमोर बसा आणि तिथेच अंगठा-फोटो देऊन रद्दपत्र पुरं करा. एक प्रत सोसायटीच्या सेक्रेटरीला द्या, एक बँकेत द्या, आणि दोन्हीकडून शिक्क्यासह पोच घ्या.